एक्स्ट्रा लाइट लावायचे, पण ते विझवायचे कसे ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारच्या बंपरवर ५५ वॉटचे दोन हॅलोजन ड्रायव्हिंग लाइट आणि बाईकच्या क्रॅश गार्डवर एलईडीची जोडी लावायचीये. मेकॅनिक म्हणतो बॅटरीवरून सरळ वायर ओढतो, मधे एक बटण देतो, झालं काम. मित्र म्हणतो कशाला एवढं, अप्परच्या (हेडलाइटच्या लांब बीमच्या) वायरलाच जोडून टाक, आणि एलईडीला रिलेबिले काही लागत नाही. तर ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धंच ऐका. सप्लाय बॅटरीवरून घ्यायचा हे मेकॅनिकचं बरोबर आहे, लाइट अप्परबरोबर पेटला-विझला पाहिजे हे मित्राचं बरोबर आहे, आणि मधे रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला की ही दोन अर्धी जुळतात.

आता सविस्तर सांगतो. लाइट पेटवणं काय, दोन वायरी बॅटरीला टेकवल्या की कुणीही पेटवतो. कंट्रोलचा सगळा प्रश्न विझवण्याचा आहे. समोरून गाडी आली की हात सवयीने जिथे जातो, म्हणजे डिपरवर (अप्परवरून खालच्या बीमवर आणणाऱ्या स्विचवर), तिथूनच सगळा जादा उजेड एका फटक्यात गेला पाहिजे. तुम्ही ८० ने जाताय, समोरचाही ८० ने येतोय, म्हणजे दोघं सेकंदाला जवळजवळ ४४ मीटरने एकमेकांकडे येताय. डॅशबोर्डवर दुसरं बटण चाचपडण्यात दोन सेकंद गेले तर ९० मीटर गेले आणि तेवढा वेळ समोरचा आंधळा. म्हणून नुसत्या वेगळ्या बटणावर चालणारा ड्रायव्हिंग लाइट मी कुणालाच जोडून देत नाही, कितीही गळ घातली तरी. गाड्यांच्या लाइटसाठीचं जे यूएनचं रेग्युलेशन ४८ आहे त्यातही हेच आहे की डिपर केला की सगळे मेन बीम (म्हणजे अप्पर) एकाच वेळी बंद झाले पाहिजेत. त्यातच अजून एक गोष्ट आहे जी बहुतेकांना माहीत नसते, एकाच वेळी पेटणाऱ्या सगळ्या मेन बीमची मिळून तीव्रता ४,३०,००० कँडेलाच्या (कँडेला म्हणजे उजेडाची तीव्रता मोजायचं एकक) वर जाता कामा नये. हे मोजायला लॅब लागत नाही, त्या मानकाच्या लाइटच्या काचेवर गोलातल्या ई खुणेजवळ १७.५, ३७.५ असा एक आकडा असतो, हेडलाइट आणि जादा लाइट सगळ्यांचे आकडे जोडायचे आणि बेरीज १०० च्या आत ठेवायची. काही देशांत नियम याहून कडक आहेत, काही ठिकाणी वेगळे, तर जिथे गाडी चालवता तिथला नियम बघूनच ड्रिल हातात घ्या.

आता रिले. चार पिना असतात, ३०, ८५, ८६ आणि ८७, हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आलेत आणि जगभर तेच चालतात. ८५ आणि ८६ मधे कॉइल असते, तिच्यातून करंट गेला की आतला कॉन्टॅक्ट ओढला जातो आणि ३० व ८७ जोडले जातात. कॉइल खाते साधारण १५० ते २०० मिलीअँपिअर, म्हणजे काहीच नाही, आणि तेवढ्यावर ती ३०-४० अँपिअरचा रस्ता उघडते. म्हणून अप्परच्या वायरवरून फक्त इशारा घ्यायचा, लाइटचा करंट तिच्यातून ओढायचा नाही.

जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजवरून ३०. ८७ वरून दोन्ही लाइट. ८६ ला अप्परची वायर. ८५ वरून एक बारीक वायर आत केबिनमधल्या बटणाला आणि बटणाची दुसरी बाजू अर्थला (बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला). झालं. बटण ऑफ असेल तर अप्पर कितीही मारा, जादा लाइट लागणार नाही, बटण ऑन असेल तरी अप्परशिवाय लागणार नाही, आणि डिपर केला की दोन्ही एकदम जातात. बटण म्हणजे परवानगी, अप्पर म्हणजे हुकूम, दोन्ही असतील तरच उजेड. पासिंग मारलं की जादा लाइटही सोबत मारतो, हा फायदा फुकटात. (एचआयडी, म्हणजे झेनॉनसारखे गॅसवाले लाइट लावले असतील तर मात्र हे नको, त्यांना तापून पूर्ण उजेडावर यायला काही सेकंद लागतात आणि सारखं चालू-बंद केलं की बल्ब आणि त्याला वीज देणारा बॅलास्ट दोन्हीचं आयुष्य घटतं.)

बटण अर्थच्या बाजूला का टाकलं, हे मला सारखं विचारतात. त्या बारीक वायरमधे जो काही करंट येतो तो कॉइलमधून येतो, म्हणजे कॉइलनेच तो अडवून ठेवलाय. उद्या ती वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात घासून बॉडीला टेकली तर काय होईल? फ्यूज उडणार नाही, धूर निघणार नाही, फक्त बटण ऑन केल्यासारखं होईल. तेच बटण प्लसच्या बाजूला असतं तर हेडलाइटचाच सप्लाय शॉर्ट झाला असता, भर रात्री. एक अडचण येते ती दिव्यावाल्या तीन पिनी बटणांची, ती प्लसच्या बाजूलाच नीट चालतात, अर्थवर टाकली की त्यांचा दिवा लागत नाही किंवा भलत्या वेळी मिणमिणतो. तसलंच बटण हवं असेल तर अप्परवरून घेतलेल्या वायरला लगेच एक-दोन अँपिअरचा फ्यूज टाका, मग बटण, मग ८६, आणि ८५ सरळ अर्थ.

पाच पिनी रिले घेतला तर मधली पिन कोणती आहे ते वाचा. कधी तिथे ८७ए असतं, कधी दुसरी ८७. ८७ए म्हणजे रिले बंद असताना जोडलेली पिन, तिच्यावर लाइट लावला की चावी काढून घरी गेलात तरी लाइट चालू, सकाळी बॅटरी मेलेली, आणि अप्पर मारला की लाइट बंद. "रिले उलटा चालतोय" म्हणून जे येतात त्यातले बरेच याच पिनीवर फसलेले असतात.

फ्यूज आणि वायरचं गणित. ५५ चे दोन म्हणजे ११० वॉट, भागिले १२ म्हणजे नऊ-सव्वानऊ अँपिअर, फ्यूज १५ चा. फ्यूज लाइटला वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे तो बॅटरीपासून वीतभराच्या आत पाहिजे, रिलेजवळ टाकलेला फ्यूज त्याच्या आधीच्या वायरीला काहीच संरक्षण देत नाही आणि नेमकी तीच वायर बॅटरीच्या कडेने, गरम इंजिनजवळून जात असते. मेन वायर २.५ चौरस मिमीची घ्या, रिलेपासून प्रत्येक लाइटला १.५ ची चालेल. बारीक वायर टाकली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही, लाइट लागतोच, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने पडतो, म्हणजे १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर पावहिश्श्यापेक्षा जास्त उजेड वायरीतच गेला. लोक मग जास्त वॉटचा बल्ब टाकतात, करंट अजून वाढतो, वायरीत अजून पडतो. आधी बल्बच्या टोकाला मीटर लावून बघा की किती व्होल्ट येतात, मग बल्ब बदलायचा विचार करा. आणि थंड हॅलोजन पेटताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो, म्हणून नऊ अँपिअरसाठी दहाचा रिले घ्यायची कंजुषी नको, ३० किंवा ४० चाच घ्या.

आता मित्राचं "एलईडीला रिले लागत नाही". लोड म्हणून बघितलं तर त्याचं चूक नाही, २० वॉटचे दोन म्हणजे सव्वातीन अँपिअर. पण बाईकचा हेडलाइट ३५ वॉटचा असला तर तो स्वतःच तीन अँपिअर घेतो, म्हणजे अप्परच्या वायरवर आणि हँडलवरच्या त्या इवल्याशा डिपर स्विचच्या कॉन्टॅक्टवर तुम्ही लोड दुप्पट केला. सहा महिने चालेल, मग एक दिवस स्विच काळा पडून अप्परच जाईल. रिले इथे लोडसाठी कमी आणि कंपनीचं वायरिंग वेगळं राहावं म्हणून जास्त. एलईडीच्या आत ड्रायव्हर नावाचं सर्किट असतं, ते व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड सांभाळतं पण त्यासाठी करंट जास्त खेचतं, तर वायर इथेही अगदी केसासारखी नको. ४० वॉटच्या जोडीला ५ किंवा ७.५ चा फ्यूज, बस.

इथपर्यंत सगळं साध्या गाडीचं झालं. खरी डोकेफोड गाडी साधी नसते तेव्हा सुरू होते.

पहिली भानगड, ज्या गाड्यांमधे हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, बऱ्याच जपानी गाड्यांत असं आहे. एच४ (अप्पर आणि डिपरची दोन फिलामेंट एकाच बल्बमधे असलेल्या) बल्बच्या कपलरवर कॉमन पिनेला प्लस येतो आणि अप्पर किंवा डिपरची पिन स्विचमधून अर्थ होते. अशा गाडीत वरची जोडणी केली की जादा लाइट डिपरवर लागतो आणि अप्पर मारला की विझतो, बरोबर उलटं, कारण डिपरवर असताना अप्परच्या पिनेवर फिलामेंटमधून १२ व्होल्ट येऊन बसलेले असतात. ओळखायचं सोपं आहे, बल्ब लावलेला ठेवून मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक अप्परच्या पिनेवर मागून टेकवा. डिपरवर १२ दाखवून अप्परवर शून्याजवळ आला तर गाडी अर्थ-स्विचची आहे. उपाय असा की कॉइल अर्थला न्यायचीच नाही, ८६ कॉमन पिनेला आणि ८५ अप्परच्या पिनेला, म्हणजे कॉइल बल्बच्या अप्पर फिलामेंटच्या बरोबरीने जोडली गेली, आणि तुमचं बटण यातल्या कुठल्याही एका वायरीत मधे टाका. खरं तर रिलेवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर ही जोडणी दोन्ही प्रकारच्या गाड्यांत चालते.

दुसरी भानगड डीआरएलची, म्हणजे दिवसा आपोआप चालू राहणाऱ्या लाइटची. काही गाड्या दिवसा अप्परचाच बल्ब कमी ताकदीवर पेटवतात, कुठे दोन बल्ब सिरीजमधे टाकून सहा-सहा व्होल्टवर, कुठे पीडब्ल्यूएमने, म्हणजे सप्लाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून. साध्या रिलेच्या कॉइलला हे झेपत नाही, ती अर्धवट ओढते, टरटर आवाज करते आणि कॉन्टॅक्ट जाळते. कॉइलवर कपॅसिटर (थोडा चार्ज साठवणारा भाग) लावून टरटर थांबवणारे आहेत, पण मग डिपर केल्यावर लाइट क्षणभर उशिरा विझतो आणि दिवसाही जादा लाइट लागून बसायची शक्यता राहते, मला तो जुगाड पटत नाही. यासाठी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मॉड्यूल मिळतं, ते पूर्ण अप्पर आणि अर्धा डीआरएल यातला फरक ओळखतं, तेच लावा.

तिसरी, पूर्ण एलईडी हेडलाइट आणि कॅन बसवाल्या (गाडीतले मॉड्यूल दोन वायरींवरून एकमेकांना मेसेज पाठवतात अशा) गाड्या. तिथे अप्परची १२ व्होल्टची वायर सापडेलच असं नाही, स्विचपासून बॉडी कंट्रोल मॉड्यूल आणि तिथून हेडलाइटपर्यंत फक्त मेसेज जातो. दोन एकमेकींना पिळलेल्या बारीक वायरी दिसल्या तर त्यांना कापू नका, टोचू नका, बल्बवाला टेस्ट लॅम्प तर अजिबात लावू नका. पिवळ्या कपलरलाही नाही, ते सहसा एअरबॅगचे असतात. अशा गाड्यांसाठी नुसतं ऐकणारी कॅन मॉड्यूल येतात, ती बसवरचा अप्परचा मेसेज वाचून आपल्या रिलेला १२ व्होल्ट देतात, काही तर वायरला न कापता बाहेरून चिमट्यासारखी बसतात. खर्च वाढतो, पण गाडीचा मॉड्यूल उडाल्यावर जो होतो त्यापेक्षा कमी.

आणि नव्या गाडीत रिलेच्या कॉइलला डायोड पाहिजेच. कॉइलचा करंट तुटला की ती उलट्या दिशेने शे-दोनशे व्होल्टचा झटका देऊ शकते, जुन्या गाडीच्या तांब्याच्या स्विचला त्याचं काही वाटत नव्हतं, ट्रान्झिस्टरवाल्या मॉड्यूलला वाटतं. १एन४००७ डायोड ८५-८६ वर आडवा टाका, पट्टीची बाजू प्लसला. डायोड आतच असलेला रिलेही मिळतो, मग मात्र ८६ लाच प्लस द्यायचा, उलटं केलं की डायोडमधून सरळ शॉर्ट.

वायर टॅप करायला वरून दाबून बसणारे प्लास्टिकचे क्लिप मिळतात ना, ते पहिल्या पावसाळ्यापुरते. आतली तार अर्धी कापली जाते, पाणी शिरतं, हिरवं पडतं. बल्बच्या कपलरमधे मधे घालायचा तयार मेल-फिमेल तुकडा घ्या आणि त्यावरून इशारा काढा, कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं.

बाईकचं थोडं वेगळं. आधी बघा हेडलाइट डीसीवर आहे की एसीवर. जुन्या आणि छोट्या बऱ्याच बाईकमधे हेडलाइट मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरच्या) एसीवर चालतो, इंजिन बंद असताना चावी ऑन करून हेडलाइट लागत नसेल आणि रेस दिल्यावर उजेड वाढत असेल तर एसी समजा. (इंजिन सुरू झाल्यावरच लाइट देणाऱ्या नव्या बाईकही आहेत, म्हणून मीटर एसीवर लावून खात्री करा.) एसीवर रिले नुसता थरथरतो, त्याला एक डायोड आणि छोटा कपॅसिटर लागतो किंवा इशारा दुसरीकडून काढावा लागतो.

दुसरं म्हणजे बाईकचा चार्जिंग कॉइल मोजकाच करंट बनवतो, आणि आयडलवर तर फारच कमी. वॉटचा हिशोब कागदावर करत बसण्यापेक्षा बॅटरीला मीटर लावा, सगळे लाइट चालू, ब्रेक दाबलेला, आणि बघा. चालवताना असतो तेवढ्या आरपीएमवर १३.५ च्या वर असेल तर निर्धास्त. आयडलवर १३ च्या खाली गेलं तर बॅटरीतून खर्च चाललाय, सिग्नलवर बटण बंद करायची सवय लावा. त्याच रेस दिलेल्या स्थितीतही १३ च्या खाली असेल तर लाइट छोटे घ्या, याला दुसरा इलाज नाही.

अर्थ बॅटरीच्या मायनसलाच न्या, हँडलला किंवा फोर्कला जोडू नका, तो करंट मग स्टीअरिंगच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि लाइट वळणावर लुकलुकतो. वायरी बांधायच्या आधी हँडल दोन्ही बाजूला पूर्ण लॉक करून बघा. रिलेच्या पिना खाली येतील असा बसवा म्हणजे पाणी साचत नाही. बटण डाव्या हाताला, डिपरजवळ. अप्परवर ट्रिगर घेतल्याचा अजून एक फायदा असा की चावी बंद तर सगळं बंद, आणि ज्या बाईक स्टार्टर दाबताना हेडलाइट कापतात त्यात जादा लाइटही आपोआप कापला जातो.

हल्ली विकतात ते डिमिंग कंट्रोलर, डिपरवर २० टक्के आणि अप्परवर १०० टक्के, त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. लोकांना वाटतं २० टक्के म्हणजे सौम्य. पण स्पॉट बीमची मधली तीव्रता ५०,००० कँडेला असेल तर २० टक्के म्हणजे १०,०००, आणि डिपरचा बीम समोरच्याच्या डोळ्याच्या उंचीला काहीशे कँडेलाच्या आत ठेवतात. कमी केलेला स्पॉट हा स्पॉटच राहतो, त्याला वरची कटऑफ रेघ (जिच्या वर उजेड जात नाही ती) नसते. डिपरबरोबर काही हवंच असेल तर खरा कटऑफवाला फॉग लाइट घ्या, रुंद पसरणारा, खाली बसवलेला, आणि त्याला वेगळा रिले, इशारा पार्किंगवरून. अप्पर मारल्यावर फॉग विझायला हवा असेल तर तिथे ती ८७ए पिन कामाला येते. एकाच रिलेला पार्किंग आणि अप्पर दोन्हीकडून ८६ वर आणलंत तर दोन्ही वायरीत एकेक डायोड टाका, नाहीतर पासिंग मारल्यावर करंट मागच्या दाराने पार्किंगमधे शिरतो आणि टेललाइटसकट सगळं लुकलुकतं. ड्रायव्हिंग लाइटला मात्र पार्किंगचा इशारा कधीच नको. आणि ते लुकलुकणारे स्ट्रोब मोड, जे हॉर्नच्या बटणावर जोडतात, ते जोडणाऱ्याला एकदा समोरून बघायला उभं करावं.

ड्रायव्हिंग लाइटचं तोंड सरळ, लांब पडेल असं. बंपरसमोरचा रस्ता लख्ख करायला गेलात तर डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचं उलट कमी दिसतं. धुक्यात आणि जोराच्या पावसात ते बंदच ठेवा, सगळा उजेड थेंबांवरून परत तुमच्याच तोंडावर येतो.

सगळं जोडून झालं की वीस मिनिटं लाइट चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक जोडाला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर तिथला क्रिंप (दाबून केलेला जोड) ढिला आहे, तो काढून परत करा. एक फॉल्ट आधीच माहीत असू द्या, रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला तर डिपर करा, बटण बंद करा, चावी काढा, लाइट विझणार नाही. अशा वेळी रिलेला टिचकी मारून सुटतो कधी कधी, नाही सुटला तर फ्यूज उपटायचा, म्हणून फ्यूज होल्डर अंधारात, टूलशिवाय हाताला लागेल असाच बसवा आणि एक रिले स्पेअर ठेवा.